घरांतील तेल : निवड आणि माप

‘तेल गेलें, तूप गेलें, हातीं धुपाटणें आलें’ ही म्हण मराठी माणसाच्या कानांवर लहानपणापासून पडते. गांव सोडून शहरांत संसार मांडणाऱ्या कुटुंबांच्या बाबतींत ती निराळ्याच अर्थानें खरी ठरली आहे. गांवीं असतांना ओळखीच्या घाण्याचें तेल मिळे. तें कोणत्या बियांचें, कोणाच्या शेतांतल्या, हें घरांतील पोरांनासुद्धां ठाऊक असे. शहरांत आल्यावर त्या एका बुधलीच्या जागीं दुकानाच्या फळीवरच्या पंचवीस-तीस पिशव्या व बाटल्या आल्या. एकीवर हृदयाचें चित्र, दुसरीवर सूर्यफुलाचें, तिसरीवर डोंगराचें. सर्वांवर आरोग्याची ग्वाही. घेणाऱ्याच्या हातीं मात्र संभ्रमाचें धुपाटणें उरलें.

ह्या संभ्रमाचें दर्शन नवी मुंबईंत जितकें स्पष्ट घडतें तितकें क्वचितच अन्यत्र घडेल. १९७० सालीं सिडको ही संस्था स्थापन झाली आणि त्या वेळच्या ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील आगरी-कोळ्यांच्या ९५ गांवांच्या जमिनींवर हें नगर वसूं लागलें. भातशेती, मिठागरें व मासेमारी ह्यांवर जगणाऱ्या ह्या गांवांच्या शेजारीं महाराष्ट्राच्या व भारताच्या सर्व भागांतून माणसें राहावयास आलीं. एकाच जिन्यावर बार्शीचें, चिपळूणचें, जळगांवचें, केरळांतलें व बंगालमधलें अशीं बिऱ्हाडें लागलीं. प्रत्येकानें आपली भाषा आणली, सण आणले आणि आपल्या तेलाची चवही आणली. भाषा व सण टिकले. तेल मात्र बहुतेकांचें बदललें.

नेरूळ येथील अशाच एका घराचें उदाहरण घेण्यासारखें आहे. घरांत चार माणसें. कर्ता पुरुष बेलापूरला एका कचेरींत नोकरीस, वय अठ्ठेचाळीस. पत्नी माहेरची चिपळूणची. वृद्ध आई बार्शीची. आणि महाविद्यालयांत शिकणारा मुलगा. गेल्या आषाढांत एके रात्रीं गृहस्थांच्या छातींत कळ आली. वेळेवर रुग्णालयांत नेल्यामुळें प्राण वाचले. हृदयाच्या अडलेल्या रक्तवाहिनींत स्टेंट बसवून आठवड्याच्या आंत ते घरीं आले. निघतांना डॉक्टरांनीं औषधांची यादी दिली, रोज चालण्यास सांगितलें, तंबाखू वर्ज्य केली आणि शेवटीं म्हणाले, ‘तेल-तूप जपून.’ हे शब्द घरीं आले आणि स्वयंपाकघरांत वाद उभा राहिला. कारण ‘जपून’ म्हणजे काय, हें कोणासच उमजत नव्हतें.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कचेरींतील मित्रानें ऑलिव्हचें तेल सुचविलें. शेजारच्या केरळी बाईंनीं खोबरेलाचे गुण सांगितले. वरच्या मजल्यावरील बंगाली गृहस्थांनीं मोहरीच्या तेलाचा पुरस्कार केला. दुकानदारानें ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ अशी अक्षरें असलेली पिशवी पुढें केली. सासूबाईंचें म्हणणें एकच : ‘आमच्याकडं करडईचं खाऊन माणसं नव्वदीपर्यंत चालती-बोलती होती.’ अखेर सूनबाईंनीं सर्वांवर एकच उपाय योजला. कढई माळ्यावर टाकली आणि पंधरा दिवस बिनतेलाच्या उकडलेल्या भाज्या केल्या. पंधराव्या दिवशीं नवऱ्यानें ताट पुढें सारलें. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, औषधानं वांचलेल्या माणसाला उपासानं मारतेस का?’ सून डोळे पुसत म्हणाली, ‘आई, मग कोणतं घालूं आणि किती घालूं, एवढं तरी कुणी सांगा.’

कोणतें आणि किती, हेच खरोखर दोन प्रश्न आहेत. आणि त्यांपैकीं दुसरा पहिल्याहून मोठा आहे.

तेलाशीं अजिबात वैर धरण्यांत शहाणपण नाहीं. अ, ड, ई व के हीं जीवनसत्त्वें स्निग्ध पदार्थांच्या आधारानेंच शरीरांत शोषलीं जातात. आणि कांहीं मेदाम्लें अशीं आहेत कीं तीं शरीराला स्वतः तयार करतां येत नाहींत, अन्नांतूनच मिळवावीं लागतात. तेलिणीवर रुसून अंधारांत बसावें, तसा तो प्रकार होतो. परंतु तेल कोणत्याही बियेचें असो, स्वस्त असो वा महाग, घाण्याचें असो वा कारखान्याचें, त्याच्या एका ग्रॅमापासून सुमारें नऊ कॅलरी उष्णता मिळते. पिष्ट पदार्थांच्या वा प्रथिनांच्या एका ग्रॅमापासून चारच मिळतात. ह्या हिशेबांत सर्व तेलें सारखीं. म्हणून ‘हलकें तेल’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ ही जाहिरातही तशीच. कोलेस्टेरॉल हा प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांतला घटक. वनस्पतींच्या तेलांत तो मुळांत नसल्यासारखाच असतो. पाण्याच्या बाटलीवर ‘ह्यांत साखर नाहीं’ असें छापून पाण्याची थोरवी सांगावी, तशांतलाच हा प्रकार होय.

तेलातेलांत भेद पडतो तो त्यांतील मेदाम्लांमुळें. तीं तीन प्रकारचीं असतात. पहिलीं संपृक्त, तीं ज्या तेलांत अधिक तें थंडींत गोठतें, पुष्कळ टिकतें, परंतु रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितें. दुसरीं एक-असंपृक्त, तीं उष्णता बऱ्यापैकीं सोसतात आणि हृदयाला मानवतात. तिसरीं बहु-असंपृक्त, तीं कोलेस्टेरॉल उतरवितात, परंतु उष्णतेनें व हवेनें लवकर बिघडतात. ह्या तिसऱ्या वर्गांत पुन्हां दोन पोटभेद आहेत, ओमेगा-६ आणि ओमेगा-३. शरीराला दोन्ही हवीं. पण आपल्या नित्याच्या आहारांत पहिलें भरपूर आणि दुसरें तोकडें असतें. निसर्गांतील कोणतेंही तेल ह्या तिन्ही वर्गांच्या मिश्रणाचेंच असतें. भेद केवळ प्रमाणाचा. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे शेजाऱ्यांपैकीं कोणाचें किती खरें, हें ताडून पाहतां येतें.

सासूबाईंची करडई प्रथम घ्यावी. सोलापूर व मराठवाडा ह्या भागांतील काळ्या जमिनींत, पाऊस संपल्यावर मुरलेल्या ओलीवर येणारें हें रब्बीचें पीक. मुळें खोल जातात म्हणून तें अवर्षणांत तग धरतें. पानांना कांटे म्हणून शेताच्या कडेनें पेरल्यास गुरांना अटकाव होतो. तेच कांटे कापणीला नकोसे होतात. फलटण येथें बनबिहारी निंबकर ह्यांनीं १९६८ सालीं स्थापन केलेल्या कृषि-संशोधन संस्थेनें बिनकांट्यांचे वाण काढले. तरीही अनेक शेतांत करडईची जागा हरभऱ्यानें व अन्य पिकांनीं घेतली. करडईच्या तेलांत सुमारें तीन-चतुर्थांश भाग ओमेगा-६ ह्या मेदाम्लाचा असतो. त्यानें कोलेस्टेरॉल उतरतें हें खरें. पण ओमेगा-३ त्यांत जवळजवळ नसतें आणि घाण्याचें करडई तेल तळणीच्या आंचेवर टिकत नाहीं. सोलापूरकडे ज्वारीच्या भाकरीबरोबर शेंगदाण्याच्या चटणीवर करडईचें कच्चें तेल ओतून घेण्याची चाल आहे. शास्त्राला अगदीं धरून असलेली ती चाल होय. तेंच तेल कढईभर तापवून त्यांत पुऱ्या काढणें मात्र शास्त्राला सोडून आहे.

शेंगदाण्याच्या तेलांत साधारण निम्मा भाग एक-असंपृक्त, तिसरा हिस्सा बहु-असंपृक्त आणि पांचवा हिस्सा संपृक्त. फोडणीला व तळणीला दोहोंना चालणारें, चवीला खमंग असें हें तेल आहे. एक पथ्य मात्र पाळावें : बुरशी धरलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष असतें आणि घाण्याच्या गाळलेल्या तेलांतही तें उतरूं शकतें, म्हणून दाणा पाहिल्यावांचून घाण्याचें तेल घेऊं नये. तिळाच्या तेलांत दोन्ही असंपृक्त मेदाम्लें जवळजवळ समसमान, आणि सेसमॉलसारखे नैसर्गिक रक्षक घटकही असतात; त्यामुळें तें सहसा खवट होत नाहीं. लोणच्याला जुन्या बायका तिळाचेंच तेल मागत, त्याचें इंगित हेंच.

खोबरेलाचा सुवास दक्षिण कोंकणांतल्या व गोंव्यांतल्या तळलेल्या मासळीला जी चव आणतो ती दुसऱ्या तेलानें यावयाची नाहीं. परंतु त्याचा सुमारें नऊ-दशांश भाग संपृक्त आहे. निरोगी माणसानें कधींमधीं चवीपुरतें घ्यावें. हृदयाचें दुखणें झालेल्यानें तें रोजचें करूं नये. मोहरीच्या तेलांत ओमेगा-३ सुमारें एक-दशांश असतें, हा त्याचा मोठा गुण. पण त्यांत एरुसिक नांवाचें मेदाम्लही पुष्कळ असतें, म्हणून केवळ त्यावरच विसंबूं नये. ऑलिव्हचें तेल उत्तम खरें, तें त्यांतील एक-असंपृक्त मेदाम्लांमुळें. तीं मेदाम्लें आपल्या शेंगदाण्यांतही आहेत. कैक पटींनीं अधिक दाम मोजून परदेशची बाटली आणलीच पाहिजे असें नाहीं. भाताच्या कोंड्याच्या तेलांत एक-असंपृक्त व बहु-असंपृक्त मेदाम्लें बेताच्या प्रमाणांत असून ओरिझनॉल हा कोलेस्टेरॉलला आवरणारा घटकही असतो. तें आंच चांगली सोसतें. सोयाबीनच्या तेलांत थोडें ओमेगा-३ आहे. सूर्यफुलाचें सर्वसाधारण तेल करडईच्या जातीचें.

ओमेगा-३ चें खरें भांडार आपल्याकडे जवसांत आहे. त्याच्या तेलाचा निम्मा भाग ह्याच मेदाम्लाचा. विदर्भांत तें तेल जेवणांत होतें. आंचेपुढें मात्र तें क्षणभर टिकत नाहीं. म्हणून जवस किंचित् भाजून, कुटून चटणी करावी हा सर्वांत सोपा मार्ग. अख्खें जवस न पचतां निघून जातें.

बी निवडल्यावर दुसरा प्रश्न येतो तो तेल काढण्याच्या पद्धतीचा. नवी मुंबईला लागून असलेल्या पनवेलपासून खालीं पेण-अलिबागपर्यंतच्या पट्ट्यांत एके काळीं तेल गाळण्याचा धंदा बेने इस्राएल ह्या ज्यू समाजाच्या हातीं होता. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. गिऱ्हाईक शुक्रवारींच तेल भरून ठेवी; तेल्याचा धर्म आणि गिऱ्हाइकाची सोय ह्यांचा असा मेळ बसलेला होता. पुढें गिरण्या आल्या व घाणे मागें पडले. वर्ध्याच्या मगनवाडींत १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानें घाणीची सुधारणा हातीं घेतली आणि ‘वर्धा घाणी’ पुढें आली. परंतु गिरणीच्या स्वस्ताईपुढें तिचा निभाव लागणें कठीण होतें. अलीकडे नवी मुंबईच्या वस्त्यांतून विजेच्या मोटारीवर फिरणारे लांकडी घाणे पुन्हां दिसूं लागले आहेत.

घाण्याच्या तेलांत बियेचा वास, रंग आणि ई जीवनसत्त्वासारखे घटक पुष्कळसे शाबूत राहतात. कारखान्यांत रिफाइंड तेल होतें तें निराळ्या रीतीनें : चिकटा काढावयाचा, क्षारानें आम्लता मारावयाची, विशिष्ट मातीनें रंग शोषून घ्यावयाचा आणि शेवटीं निर्वात भांड्यांत कडक वाफेनें वास उडवावयाचा. ह्यांत चव जाते, कांहीं उपयुक्त घटकही जातात; पण त्याचबरोबर अफ्लाटॉक्सिनसारखीं कांहीं घातक द्रव्येंही जातात आणि तेल अधिक आंच सोसूं लागतें. तेव्हां रिफाइंड म्हणजे विष आणि घाण्याचें म्हणजे अमृत, असा निवाडा बरोबर नाहीं. वरून घेण्यास व साध्या फोडणीस घाण्याचें, आणि क्वचित् करावयाच्या तळणीस आंच सोसणारें रिफाइंड, अशी वांटणी सोयीची पडते.

घाण्याचें तेल अस्सल कीं भेसळीचें, हें अजमावण्यास साधें अंकगणित पुरेसें आहे. एक किलो शेंगदाणा तेल निघण्यास घाण्याला साधारण अडीच किलो दाणे लागतात. पेंडीचे पैसे वजा जाऊनही अडीच किलो दाण्यांच्या किंमतीहून जें तेल फारच स्वस्त मिळतें, त्यांत निखळ शेंगदाणा असणें शक्य नाहीं. तुर्भ्याच्या घाऊक बाजारांतील दाण्याचा भाव विचारून हा हिशेब कोणासही करतां येईल. सुट्या तेलाच्या बाबतींत तर डोळ्यांत तेल घालून वागावें. १९९८ सालीं दिल्लींत मोहरीच्या तेलांत पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचें तेल मिसळलें गेलें. अंगावर सूज येऊन हजारों लोक आजारी पडले आणि साठांच्या आसपास माणसें दगावलीं. स्वस्तांत मिळालेली ती बाटली त्या कुटुंबांना फार महाग पडली.

आतां सर्वांत अधिक खपणाऱ्या तेलाकडे वळावें. तें बहुधा कोणी नांवानें मागत नाहीं, तरी घरोघरीं येतें. १९८६ सालीं सरकारनें तेलबियांसाठीं खास अभियान सुरू केलें आणि थोड्याच वर्षांत देश खाद्यतेलाच्या बाबतींत जवळजवळ स्वावलंबी झाला. १९९४ नंतर आयातीची दारें उघडत गेलीं. आज देशांत लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येतें आणि त्यांत इंडोनेशिया व मलेशिया येथील पामतेलाचा वाटा मोठा असतो. रेशनच्या दुकानांतील पामोलिन मराठी घरांना जुनेंच परिचयाचें. २०२२ च्या दिवाळींत महाराष्ट्र सरकारनें दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’ ह्या पिशवींतही रवा, साखर व चणाडाळ ह्यांच्या जोडीला एक लिटर पामतेलच होतें. पामतेल विषारी नव्हे. गरिबाच्या कढईला त्यानें आधार दिला आहे. परंतु त्याचा सुमारें निम्मा भाग संपृक्त आहे, आणि बिस्किटें, फरसाण, वेफर ह्यांच्या पाकिटांवर बारीक अक्षरांत त्याचेंच नांव असतें. घरीं करडई खाणारा माणूस संध्याकाळीं स्थानकाबाहेर वडापाव व फरसाण खातो, तेव्हां त्याच्या पोटांत बहुधा पामतेलच जातें. घरच्या तेलाचा विचार करतांना हें बाहेरचें तेल हिशेबांतून सुटतां कामा नये.

एकाच तेलावर भरंवसा कां ठेवूं नये, ह्याचा धडा ह्याच शहराच्या पलीकडच्या तीरावर मिळालेला आहे. १९३२ सालीं मुंबईच्या शिवडी येथें वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि १९३७ पासून ‘डालडा’ हें नांव घरोघरीं झालें. द्रव तेलावर हायड्रोजन वायूची प्रक्रिया करून तें तुपासारखें रवाळ व घट्ट केलेलें असे. स्वस्त, स्वच्छ, टिकाऊ म्हणून लग्नकार्यांत, मिठाईंत, बिस्किटांत त्याचा शिरकाव झाला. त्या प्रक्रियेंत ट्रान्स मेद नांवाचा घटक तयार होतो आणि तो हृदयाला संपृक्त मेदाहूनही अधिक घातक असतो, हें उमगण्यास अर्धें शतक जावें लागलें. भारतांत तेलांतील व वनस्पती तुपांतील ट्रान्स मेदाची मर्यादा २०२१ च्या आरंभीं तीन टक्क्यांवर आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणण्यांत आली. दोन पिढ्या ज्याला निर्धोक मानीत आल्या त्याची ही कथा. आज एखाद्या तेलाचे कितीही गोडवे गाइले गेले तरी उद्यांचें ज्ञान काय सांगेल, हें कोण जाणे. म्हणून दोन-तीन तेलें आलटून-पालटून वापरणें हें सर्वांत सावधपणाचें. एकाची उणीव दुसऱ्यानें भरून निघते आणि एकाचा दोष फार सांचत नाहीं.

येथपर्यंत ‘कोणतें’ ह्या प्रश्नाचें उत्तर झालें. आतां ‘किती’. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार बैठें काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला वरून घातलेलें तेल-तूप मिळून २५ ग्रॅम व तशाच स्त्रीस २० ग्रॅम पुरतें. कारण धान्य, डाळी, दूध, दाणे ह्यांतून न दिसणारा मेद शरीराला मिळतच असतो. नेरूळच्या त्या घरांत दोन पुरुष व दोन स्त्रिया. म्हणजे दिवसाला ९० ग्रॅम, महिन्याला २,७०० ग्रॅम. मापानें तीन लिटरांच्या आंतच. त्या घरीं वर्षानुवर्षें पांच लिटरांचा कॅन महिन्याला संपत असे, तूप निराळें. पांच लिटर म्हणजे सुमारें साडेचार किलो. माणशीं रोज ३८ ग्रॅमांच्या आसपास. पिशवी कोणती, ह्यावर वाद घालणाऱ्या त्या घरानें ती किती दिवसांत रिकामी होते, हें कधीं मोजलेंच नव्हतें.

तळणीच्या उरलेल्या तेलाविषयीं तर बहुतेक घरांत हात आंखडतात. टाकवत नाहीं, म्हणून तें झांकून ठेवून दुसऱ्या दिवशीं त्यांतच भाजी फोडणीस पडते. तेल पुन्हां पुन्हां तापविलें म्हणजे त्यांत घातक संयुगें वाढत जातात. हॉटेलवाल्यांसाठीं तर १ जुलै २०१८ पासून नियमच आहे कीं, अशा ध्रुवीय संयुगांचें प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेलें तेल वापरूं नये. घरीं तें मोजण्याचें यंत्र नसतें. पण डोळे व नाक असतातच. तेल काळवंडलें, दाट झालें, फेंस धरूं लागलें वा लवकर धुरावूं लागलें कीं तें संपलें असें समजावें. लहान कढई घ्यावी, तेल बेताचें ओतावें, धूर निघूं देऊं नये. उरलेलें गाळून एक-दोन दिवसांत फोडणीस संपवावें, पुन्हां तळणीस घेऊं नये, आणि जुन्यावर नवें कधींही ओतूं नये. खाडीकांठच्या दमट हवेंत तेल शेगडीजवळ उघडें ठेवल्यास लवकर खवट होतें. म्हणून घट्ट झांकणाच्या भांड्यांत, अंधाऱ्या कपाटांत, महिन्यापुरतेंच भरावें.

त्या घरीं अखेर तोड निघाली ती अशी. महिन्याला तीन लिटरच तेल आणावयाचें : एक लिटर घाण्याचें शेंगदाणा, एक लिटर बार्शीहून येणारें करडई आणि एक लिटर भाताच्या कोंड्याचें, पुढल्या महिन्यांत शेंगदाण्याऐवजीं तीळ. तूप घेतल्यास तेवढें तेल कमी. जवसाची चटणी रोज ताटांत. चिपळूणच्या माहेराची आठवण म्हणून महिन्यांतून एखाद्या रविवारीं मासळी चमचाभर खोबरेलांत. आणि मुख्य म्हणजे रोज सकाळीं १०० मिलिलिटर तेल मोजून एका वाटींत काढून ठेवावयाचें. दिवसभराचा सारा स्वयंपाक तेवढ्यांतच. औषधें व चालणें अर्थातच चालू. तेल हें कांहीं औषध नव्हे आणि स्टेंट बसलेल्या माणसाची गोळी त्यानें सुटत नाहीं.

पहिल्या आठवड्यांत वाटी दुपारींच रिकामी होई. सूनबाई फोडणीची पळी बदलून लहान चमचा वापरूं लागल्या. वांग्याच्या भाजीला आधीं वाफ देऊन मग फोडणी वरून घालूं लागल्या. महिनाभरांत हात बसला. दिवाळींत सासूबाईंनीं चकल्या केल्या, पण दोन किलोंच्या भाजणीच्या जागीं अर्ध्या किलोच्या. आणि उरलेलें तेल पुन्हां कढईंत पडूं नये म्हणून स्वतः लक्ष ठेवलें. हल्लीं रात्रीं जेवणें होतात तेव्हां वाटींत बहुधा चमचाभर तेल शिल्लक असतें. सासूबाई तें मुलाच्या भाकरीवरच्या चटणींत ओततात. डॉक्टरांच्या ‘जपून’ ह्या शब्दाचा अर्थ त्या घरीं आतां वाटीएवढा ठरलेला आहे.